हाडांच्या दवाखान्यातल्या फुलाबाई

चंद्रपूरच्या त्या छोट्या हाडांच्या दवाखान्यात मी एक्सरे काढायला लागलो, त्याच्या तिसऱ्या की चौथ्या दुपारी डार्करूमच्या दारावर थाप पडली. फिल्म नुकतीच धुवायला टाकली होती. मी आतूनच ओरडलो, "दार उघडू नका!"

"नाई उघडत," बाहेरून शांतपणे उत्तर आलं. "झालं की बोलवजा. मी इथीच बसतो."

पाच-सात मिनिटांनी ओली फिल्म हँगरला लावून बाहेर आलो, तर पायरीवर पन्नाशीच्या आतबाहेरची एक ठेंगणी बाई बसलेली. धुऊन धुऊन रंग उडालेलं निळं पातळ, मनगटापर्यंत कणीक लागलेली.

"मी सैपाकघरातली फुलाबाई. ह्या लोकायची हाडं जुळावी म्हनून रोज जेवू घालतो, पन हाड कसं दिसते थे काही म्या पाह्यलं नाई. दाखवता का जी, भाऊ?"

एक्सरे पाहायला पेशंटचे नातेवाईक यायचे, पण तेही डॉक्टरांनी बोलावलं तर. स्वयंपाकीण कधी आली नसेल. मी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. एका ट्रक-हमालाची मांडी होती, आत लांब सळई घातलेली. फुलाबाईंनी बोट न लावता, मान वाकडी करकरून ती बराच वेळ पाहिली.

"हे पांढरं फटक दिसते थे लोखंड. आन हे धुवट धुवट थे हाड?"

"हो."

"मंग हाड पन दिसते म्हनजे हाडातही काहीतरी लोखंडासारखं हाये. मांस तं काहीच दिसत नाई."

एक्सरेचं शिक्षण घेताना हा प्रश्न माझ्या डोक्यात आला नव्हता. मी सांगितलं, हाडात कॅल्शियम असतं, ते किरणांना अडवतं, म्हणून हाड पांढरं दिसतं. त्यांनी तो शब्द दोनदा तोंडात घोळवला. "क्यालशम. क्यालशम." आणि पोळ्या करायला निघून गेल्या.

ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. पण तिकडच्या जंगलातलं मोडलेलं हाड अजून चंद्रपूरलाच यायचं. खाटेवर, ट्रकवर, मग यष्टीत आडवं घालून. आमचा दवाखाना तीस खाटांचा, एका जुन्या ट्रस्टचा. हाडांचे डॉक्टर एकच, डॉक्टर हस्तक. ते नागपूरचे. हात फार चांगला, बोलणं तुटक.

फुलाबाईंचं पूर्ण नाव पंचफुलाबाई रामटेके. मूलकडच्या एका खेड्यातल्या. घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तेव्हा त्यांचं लग्न होऊन पोर झालेली होती. त्याच वर्षी त्यांच्या वडिलांनी धाकट्या मुलासाठी पाटी आणली आणि लेकीसाठीही एक आणली. सासरी मग ती पाटी गोठ्यात बसून गिरवली, असं त्या सांगायच्या. वाचायच्या हळू, अक्षर न् अक्षर सुटं करून, पण पुड्याच्या कागदापासून औषधाच्या बाटलीपर्यंत दिसेल ते वाचायच्या. नवरा लवकर गेला. पुढे एका पावसाळ्यात अंगावर मातीची भिंत पडली आणि डाव्या हाताचं हाड कोपराखाली मोडलं. आमच्याच दवाखान्यात, आधीच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी प्लेट बसवली. त्या पेशंट असतानाच दवाखान्याचा स्वयंपाकी न सांगता निघून गेला. एका हाताने त्यांनी दोन दिवस चूल सांभाळली आणि तिथेच कामाला राहिल्या.

ती प्लेट त्यांच्या हातात तशीच होती. हात बारीक, त्यामुळे कातडीखाली स्क्रूंची डोकी बोटांना लागायची. "तुझ्या पायात पट्टी बसवावी लागेल" असं डॉक्टर एखाद्याला सांगून गेले, की फुलाबाई ताट घेऊन त्याच्या खाटेशी यायच्या आणि डावा हात पुढे करायच्या. "लावा हात. पाच इस्क्रू हायेत. मोजून घ्या." माणूस भीत भीत बोट फिरवायचा. मोजणी संपेपर्यंत त्याची भीती निम्मी उतरलेली असायची. प्लास्टरमधली पोरं तर रोज मोजायची आणि मुद्दाम चार म्हणायची.

नाटकाचं त्यांना वेड होतं. मी वडशाचा, म्हणजे झाडीपट्टीच्या नाटकांच्या गावचा, हे कळल्यावर त्यांनी मला जवळजवळ नातलगच करून टाकलं. हिवाळ्यात गावच्या मंडईला, म्हणजे जत्रेला, दोन दिवसांची सुटी घेऊन त्या नाटक पाहून यायच्या आणि आल्या की माझ्याकडे तक्रार. "दुसऱ्या अंकात हिरोचा पाय मोडला, भाऊ. कडकन आवाज केला तबलेवाल्यानं. आन तिसऱ्या अंकात थो नाचून राह्यला! काऊन जी? सा हप्ते तरी जाऊ द्याचे होते." एका वर्षी तर त्या अंक संपल्यावर पडद्यामागे जाऊन नाटककाराला हे सांगून आल्या होत्या. त्याने म्हणे हात जोडले.

कॅल्शियमचा शब्द त्यांनी सोडला नव्हता. एका सकाळी डॉक्टर राउंडवर होते. एका म्हातारीच्या कागदावर त्यांनी कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. भाजीचं पातेलं घेऊन फुलाबाई मागेच उभ्या.

"डाक्टर साहेब, थे क्यालशम कोन्या झाडाले लागते?"

नर्स फिसकन हसली. डॉक्टरही हसले आणि पुढे गेले. पण दुपारी ओपीडी संपल्यावर ते स्वयंपाकघरात आले, पाटावर बसले आणि म्हणाले, "तुम्ही बरोबर विचारलंत. गोळ्या महिनाभर पुरतात. गावी गेल्यावर ती म्हातारी काय खाणार?"

मी तिथे चहा प्यायला गेलो होतो, म्हणून ते सगळं ऐकायला मिळालं. डॉक्टर सांगत होते, "रक्ताला कॅल्शियम रोज लागतं, फुलाबाई. हृदय चालायला, हातपाय हलायला. जेवणातून आलं नाही, तर शरीर ते हाडातून काढून घेतं. हृदय थांबवून तर चालत नाही ना."

फुलाबाईंनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं. "म्हनजे घरात जळतन सरलं, की मानूस छताचे वासे काढून जाळते. तसं."

"अगदी तसं," डॉक्टर म्हणाले. "आणि मी त्याच घराला लोखंडी पट्टी ठोकायला जातो. वासाच पोकळ असेल, तर खिळा धरणार कशात?"

मग दोघांनी मिळून यादी केली. मुनग्याचा, म्हणजे शेवग्याचा, पाला. तीळ आणि जवस. ताक. बारीक मासोळ्या काट्यासकट. शिवाय रोज थोडं उन्हात बसणं, कारण त्याशिवाय खाल्लेलं अंगी लागत नाही. डॉक्टरांनी बजावलं, "नुसत्या पाल्याने हाड जुळत नाही हं. नीट बसवावं लागतं, हलू द्यायचं नसतं. पण पाल्याशिवाय माझं काम वाया जातं." त्या दिवसापासून दवाखान्यामागच्या मुनग्याच्या झाडाला शेंगा धरायला फारशी उसंत मिळाली नाही. पाला आठवड्यातून चारदा वरणात पडायचा.

त्या चुकल्या नाहीत असं नाही. त्यांची सगळ्यात मोठी चूक चुन्याची. पानाला लावायच्या चुन्यात कॅल्शियम असतं, हे त्यांना कुठूनसं कळलं. मग पाला कशाला तोडत बसायचं? एके दिवशी त्यांनी विचारल्याशिवाय वरणात चुना कालवला, आणि तोही हात सैल सोडून. संध्याकाळी तीन पेशंटांची तोंडं आली. जंगलतोडीच्या कामावरच्या एका म्हाताऱ्याची जीभ तर सोलून निघाली, त्याला पाणी गिळवेना. डॉक्टर संतापून विचारत सुटले, मीठ कुठलं, तेल कुठलं. कोणाला काही कळेना. तेवढ्यात फुलाबाई वॉर्डाच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या.

"मीच टाकला चुना. कोनाले इचारलं नाई. माही चूक हाये."

डॉक्टर सगळ्यांसमोर खूप बोलले. त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी स्वयंपाकघरात गेलो, तर त्यांना धड बोलता येत नव्हतं, ओठ सुजलेले. त्यांनी घरी जाऊन तोच चुना तेवढाच स्वतःच्या जिभेवर ठेवून पाहिला होता.

"कायले केलं असं?" मी चिडून विचारलं.

"थो बुढा बोलत नाई ना," त्या अडखळत म्हणाल्या. "किती जळते थे मले समजाले पायजे होतं." पुढचे आठ दिवस त्या म्हाताऱ्याला पातळ भाताची पेज थंड करून त्या स्वतः चमच्याने भरवत होत्या. त्यानंतर नवी कोणतीही गोष्ट पातेल्यात पडायच्या आधी डॉक्टरांच्या टेबलावर जायची, एकदा तर मुळ्याचा पालाही गेला.

वरोऱ्याकडचे नामदेवराव म्हणून एक कास्तकार होते. बैलगाडीखाली येऊन पायाची नळी मोडली होती. प्लेट बसली, पण ते दवाखान्याचं जेवेनात. भूक नाही म्हणायचे. खरं कारण दोन दिवसांत कळलं: स्वयंपाक कोण करतं, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. नर्स भांडायला निघाली. फुलाबाईंनी तिला थांबवलं. मुनग्याची एक भलीमोठी फांदी आणि वाटीभर तीळ घेऊन त्या नामदेवरावांच्या बायकोकडे गेल्या. बाहेर पिंपळाखाली नातेवाइकांच्या तीन दगडांच्या चुली पेटायच्या, तिथे.

"माह्या हातचं नको तं नको, बाई. तुमी शिजवा. पन पाल्याचं पानी फेकजा नोको, त्यातच सारं हाये. आन तीळ भाजून कुटजा."

एवढंच बोलून त्या परतल्या. मी म्हणालो, "तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"वाटलं ना," त्या म्हणाल्या. "वाटते. पन त्याचं हाड उपाशी ठेवून मले का भेटनार हाये?"

नामदेवराव दीड महिना राहिले आणि एकदाही त्यांच्या हातचं जेवले नाहीत. जाताना बोललेही नाहीत. पण संक्रांतीच्या आधी वरोऱ्याच्या गाडीतून एक पोतं उतरलं, तिळाचं. वर कागद होता: 'सैपाकवाल्या बाईले.' फुलाबाईंनी तो अक्षर न् अक्षर वाचला, घडी करून डब्यात ठेवला आणि तीळ निवडायला बसल्या.

आणि मग सोमी आली.

भामरागडच्याही पलीकडच्या गावची, माडिया आदिवासी, वीस-बावीस वर्षांची. ओढ्याच्या दगडांवरून पाणी आणताना घसरून पडली होती. मांडीचं हाड गुडघ्याच्या वर मोडलेलं. सात आठवडे गावातच बांबूच्या कामट्या बांधून पडून होती. मग नवरा दलसूने चौघांच्या मदतीने तिला खाटेवरून रस्त्यापर्यंत आणलं. बरोबर आठ महिन्यांचं बाळ, अंगावर पिणारं. घरी आणखी दोन. आदलं वर्षभर ती तापाने आजारी होती, पेजेवर राहिलेली. मी फिल्म धुतली आणि पाण्यातून वर काढली, तेव्हा मला वाटलं किरणं जास्त पडली असावीत, इतकं ते हाड फिकट होतं. पुन्हा काढली. तसंच.

डॉक्टरांनी प्लेट बसवली. दलसूला थांबता येत नव्हतं. पेरणी तोंडावर होती, दोन लेकरं म्हाताऱ्या आईपाशी होती. तो गेला आणि चार दिवसांत पाऊस लागला. नद्या चढल्या, रस्ता बंद झाला. आता दिवाळीपर्यंत तिकडून कोणी येणार नाही की इकडून कोणी जाणार नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

तिसऱ्या आठवड्यातल्या फिल्मवर प्रत्येक स्क्रूभोवती एक बारीक काळी कड दिसली. एक्सरेवाल्याला ती कड वाचता येते. स्क्रू सैल झाले होते. डॉक्टरांनी फिल्म पाहून टेबलावर ठेवली आणि चष्मा काढला.

"पुन्हा उघडून मोठी प्लेट लावली, तरी ह्याच हाडात लावायची. धरायला हाडच नाही."

फुलाबाई दारात होत्या. "मंग?"

"वरून कमरेपासून प्लास्टर घालू. तीन महिने वाट पाहू. तोवर हाडाने स्वतः काही केलं, तर केलं."

"आन नाई केलं तं?"

"तर जन्मभर कुबडी. ओढ्यावर, डोंगरात कुबडी घेऊन कशी जाईल ती?"

फुलाबाई गेल्या आणि अर्ध्या तासात पेलाभर दूध घेऊन सोमीच्या खाटेशी आल्या. सोमीने तोंड फिरवलं. फुलाबाईंनी पेला पुन्हा ओठांशी नेला. सोमीने एक घोट घेतला आणि जमिनीवर थुंकला. नर्स म्हणाली, "जिद्दी आहे, मरू दे." फुलाबाईंनी चौकीदार मडावीला बोलावलं. तो एटापल्लीकडचा, त्याला सोमीची भाषा बरीच समजायची. तो तिच्याशी बोलला आणि हसून म्हणाला, "थे म्हणते, हे वासराचं हाय. वासराच्या तोंडचं मानसानं कसं प्याचं?"

वॉर्डात हशा झाला. फुलाबाई हसल्या नाहीत. पेल्याकडे पाहत म्हणाल्या, "बरोबरच हाये की तिचं. वासराचंच तं हाये." आणि मडावीला म्हणाल्या, "तिले इचार, तिच्या घरी का खातेत? सारं सांग म्हना. मुंग्यायपासून सांग."

त्या दिवशी सोमी आल्यापासून पहिल्यांदा लांबलचक बोलली. नदी, मासे, कोवळी पानं, चिंच, बांबूचे कोंब. मडावी सांगता सांगता थकला. दुसऱ्या सकाळपासून फुलाबाई पावसात मासळीबाजारात जाऊ लागल्या. मासे विकणाऱ्या ढिवरणी बोटाएवढ्या मासोळ्या गिऱ्हाईक घेत नाही म्हणून बाजूला टाकायच्या. त्या फुलाबाईंसाठी राखून ठेवू लागल्या. फुलाबाईंनी त्या वाटून वरणात घातल्या. सोमीने चव घेऊन तोंड वाकडं केलं आणि खाटेवरूनच हाताने दाखवलं: पान, गुंडाळ, निखाऱ्यात. मग तसं. पळसाच्या पानात गुंडाळून चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या मासोळ्या काट्यासकट कुरकुरीत व्हायच्या. सोमी रोज पानभर खायची. पुढे आख्खा वॉर्ड मागू लागला.

डॉक्टरांच्या मनात बाळाचं अंगावरचं दूध कमी करावं असं होतं. ते आईच्याच हाडातून जातंय, म्हणाले. तिथे फुलाबाई अडल्या. "लेकराचं नोका तोडू, साहेब. मायचं ताट वाढवू." डॉक्टरांनी ते मानलं आणि नागपूरहून गोळ्यांची मोठी बाटलीही मागवली. ती फुलाबाईंच्या ताब्यात दिली. दिवसातून तीन वेळा त्या सोमीसमोर उभ्या राहायच्या आणि गोळी गिळेपर्यंत हलायच्या नाहीत. पावसाने उघडीप दिली की मडावी आणि त्या मिळून खाट व्हरांड्यात ओढायचे, बाळासकट.

तरी एक दिवस सोमी जेवेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. मडावीने खूप विचारलं, तेव्हा ती म्हणाली, माझ्या अंगात लोखंड आहे. मी मेले तर आमचे लोक मला कसं पुरतील? आमच्या लोकांत मला घेतील का?

मडावीने ते जसंच्या तसं सांगितलं. फुलाबाई खाटेच्या कडेला बसल्या. डावा हात पुढे केला, सोमीचा हात धरला आणि तिची बोटं आपल्या हातावर ठेवली. एक. दोन. सोमीने वळून पाहिलं. मग ती स्वतःच चाचपू लागली. तीन, चार, पाच. तिने फुलाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हाताकडे पाहिलं.

"तिले सांग," फुलाबाई मडावीला म्हणाल्या, "तेरा वर्सं झाले. ह्याच हातानं सैपाक करतो. ह्याच हातानं दोन नातवं न्हाऊ घातले. लोकायनं मले सोडलं नाई. सोडलं असतं तं मीच त्यायले धरून आनलं असतं."

मडावीने किती सांगितलं कोण जाणे. सोमीला उठून बसता येत नव्हतं, तिने पडल्या पडल्याच ताट पुढे ओढलं.

दीड महिन्याने प्लास्टरवरूनच एक्सरे काढला. धूसर होता, पण मोडीच्या जागी धुरासारखं काहीतरी होतं. मी फुलाबाईंना काही बोललो नाही. आशा लावायची भीती वाटली. तीन महिने भरल्यावर प्लास्टर कापलं आणि मी पुन्हा फिल्म घेतली. ह्या वेळी मी ती वाळायचीही वाट पाहिली नाही. पाणी निथळतंय तशीच घेऊन डॉक्टरांकडे निघालो, वाटेत स्वयंपाकघर लागलं आणि पाय आधी तिकडेच वळले.

फुलाबाईंनी हात पुसून फिल्मकडे पाहिलं. मोडीभोवती पांढरं, जाड, पिंजलेल्या कापसासारखं हाड जमलं होतं. स्क्रूंभोवतीच्या काळ्या कडा अंधुक झाल्या होत्या.

"हे लोखंड नाई ना?"

"नाही. हे तिचं."

त्या पदर तोंडाला लावून रडल्या. मग डोळे पुसले. "साहेबाले दाखवलं? नाई? अजी, मंग इथी का करून राह्यले तुमी?"

पाय काठीसारखा बारीक झाला होता. सोमी तो पाहून घाबरली. डॉक्टर म्हणाले, आता थोडा थोडा भार टाकायचा. भार पडला की हाड दाट होतं, झोपून राहिलं की विरतं. फुलाबाईंनी त्यातूनही काम काढलं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात एक रिकामं ताट, एवढं घेऊन सोमीने स्वयंपाकघरापासून वॉर्डापर्यंत यायचं. पहिल्या दिवशी ते अंतर तिला अर्धा तास लागलं. दिवाळीनंतर रस्ता खुला झाला, दलसू आला, तेव्हा सोमी बाळ त्याच्या हातात देऊन काठी टेकत दारापर्यंत त्याच्यासमोर चालून आली. तो तिच्या पायाशी उकिडवा बसून गुडघ्याला हात लावून पाहत राहिला.

पुढच्या हिवाळ्यात मला नागपूरला नोकरी लागली. शेवटच्या दिवशी सकाळी मी खोलीची चावी द्यायला दवाखान्यात गेलो, तर व्हरांड्यात सोमी बसलेली. तपासणीला आली होती. दलसू अल्लापल्लीला काही कामासाठी थांबला होता, म्हणून ती बाळाला घेऊन एकटीच बसने आली होती. काठी नव्हती. मी जाता जाता तिची शेवटची फिल्म काढली. डॉक्टरांनी पाहिली आणि म्हणाले, "प्लेट राहू दे. तिचं काम संपलंय, पण त्रास देत नाही."

मी निघालो, तेव्हा दोघी बाजाराला निघाल्या होत्या. फुलाबाईंच्या कडेवर सोमीचं पोर आणि हातात पिशवी. सोमीला मराठीचे दहा शब्द येत होते आणि फुलाबाईंना तिच्या भाषेतले आठ. तरी दोघी एकसारख्या बोलत होत्या. मी फाटकाशी फुलाबाईंच्या पाया पडलो. त्यांनी पिशवीचाच हात माझ्या डोक्यावर ठेवला.

"नागपूरले जेवन बरं भेटते का जी? मुनगा असते तिथी?"

"असतो."

"मंग जा."

एवढ्यात सोमी रस्त्याला लागली होती. डावा पाय किंचित ओढायची, पण जंगलातल्या बाईची चाल, लांब ढांगांची, मागे न पाहणारी. फुलाबाई पोर सावरत तिच्या मागे धावल्यासारख्या निघाल्या. अंतर वाढतच चाललं. वळणापर्यंत मी पाहत होतो. दोघी दिसेनाशा झाल्या, तरी फुलाबाईंचा आवाज अजून येत होता:

"अवो सोमी! हळू चाल ना वो! माह्यानं होत नाई तेवढं!"